गळ न टाकणाऱ्या हिरेमठबाई

नदीवर आलेला माणूस नदीकडे तोंड करून बसतो. डॉक्टर गिरिजा हिरेमठ नदीकडे पाठ करून बसायच्या. पायात गमबूट, डोक्यावर सोलापूरहून आणलेली लोकरीची कानटोपी आणि मांडीवर आईस्क्रीमचा रिकामा पांढरा डबा. डब्यात थोडं पाणी, पाण्यात एखादा किडा. डोळ्याला भिंग लावून त्या डब्यावर इतक्या ओणव्या व्हायच्या की लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाईंना उलटी होतेय. एकदा तसं वाटून एक कनवाळू गोरा गृहस्थ पाण्याची बाटली घेऊन धावत आला. बाईंनी बाटली घेतली, त्यातलं पाणी डब्यात ओतलं, "थँक्यू" म्हणाल्या आणि पुन्हा ओणव्या झाल्या.

या बाईंवर मी जितका जळलो तितका आयुष्यात दुसऱ्या कुणावर जळलो नाही. 

मी मूळचा मालवणचा. मासा या विषयात आपल्याला कुणी शिकवू नये, अशी आमच्याकडे जन्मजात समजूत असते. ऑकलंडला नोकरीला आलो आणि इथल्या नद्यांतल्या ट्राउट माशाच्या नादाला लागलो. ट्राउट इथे बाजारात मिळत नाही, विकायला कायद्यानं बंदी आहे. खायचा तर स्वतः धरायचा, नाहीतर धरणाऱ्याशी ओळख ठेवायची. त्यामुळे इथल्या मराठी मंडळींत मला एक स्थान होतं. गणपतीत आरती कोण सांगणार यावर दरवर्षी रुसवेफुगवे व्हायचे, पण ट्राउट कोण आणणार यावर कधी वाद झाला नाही. मधूनमधून मी गाडी काढून तुरांगीला जायचो, टोंगारिरो नदीवर दोन दिवस काढायचो, नियमात बसतील तेवढे मासे आणायचो आणि हिल्सबरोच्या आमच्या घरामागे डेकवर तळायचो. हातात मासा धरलेला माझा फोटो ग्रुपवर गेला की खाली 'सामंत, मानलं' अशी रांग लागायची. ती रांग मी पुन्हा पुन्हा वाचायचो.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना माझ्या बायकोनं, वैशालीनं, हिरेमठबाईंना घरी आणलं.

वैशाली इस्पितळात फार्मसिस्ट आहे. बाई तिथेच पॅथॉलॉजिस्ट म्हणून नव्यानं आल्या होत्या. पन्नाशीच्या, लिंगायत घरातल्या, अंड्यालाही न शिवणाऱ्या. लग्न केलेलं नव्हतं. कुणी का म्हणून विचारलंच तर "राहून गेलं की ओ" एवढंच म्हणायच्या, जणू डेअरीतून दूध आणायचं राहून गेलं. न्यू लिनला एका फ्लॅटमध्ये एकट्या राहत होत्या.

"लेबर वीकेंडच्या सुट्टीत गिरिजाताई एकट्या काय करतील? आपल्याबरोबर तुरांगीला नेऊ," वैशाली म्हणाली.

"अगं, मी मासे मारणार. त्या तिथे काय करणार?"

"हवा खातील."

हवा त्यांनी दहा मिनिटं खाल्ली. मग माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी गळाला फ्लाय बांधत होतो. फ्लाय म्हणजे हुकावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. ट्राउटला ती खरी वाटली की मासा आपला.

"हे कशासारखं केलंय ओ?" त्यांनी विचारलं.

"मेफ्लायसारखं. नदीतला किडा असतो."

"कुठली मेफ्लाय?"

"कुठली म्हणजे? मेफ्लाय म्हणजे मेफ्लाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सामंत, मी रिपोर्टवर 'पेशी' एवढंच लिहून सही केली तर तुम्ही तो रिपोर्ट घेऊन कुठं जाणार?"

उत्तराची वाट न बघता त्या पाण्यात उतरल्या आणि दगड उचलून पालथे करायला लागल्या. संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे, आमच्याच आईस्क्रीमच्या डब्यात, तीन तऱ्हेची किड्यांची पिल्लं जमली होती. एक चपटं, दगडाला पोस्टाच्या तिकिटासारखं चिकटणारं. एकाच्या कल्ल्यांना काटे. एक असं सडपातळ की डबा हलवला की बाणासारखं सुटायचं. "हे तिघं तीन घरचे आहेत," बाई म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांना एकाच आडनावानं हाक मारालाव."

परतीच्या वाटेवर तीराऊला आम्ही खायला थांबलो तेव्हा डबा त्यांच्या मांडीवरच होता.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : "आधी बघायचं, मग नाव ठेवायचं." किड्यांबद्दल म्हणायच्या, माणसांबद्दलही म्हणायच्या. इस्पितळात कुणी नव्या नर्सबद्दल कुरकुर केली की हेच. माझ्या बाबतीत मात्र उलटं झालं. मी त्यांना नीट पाहिलंच नाही, पण नावं ठेवायला लगेच सुरुवात केली.

कारण होता रॉस.

रॉस तुरांगीतच राहायचा. पंचाहत्तरीचा, सडसडीत, वीजप्रकल्पावर नोकरी करून निवृत्त झालेला. त्या नदीचा प्रत्येक डोह त्याला माणसासारखा माहीत. मला पहिल्यांदा दोरी पाण्यावर नीट कशी टाकायची ते त्यानं शिकवलं. पहिल्या भेटीत मी सामंत म्हणालो, त्याला ते सॅम ऐकू आलं आणि मी सॅम झालो. मी त्याला गुरू मानलं होतं, त्यानं मला काय मानलं होतं ते त्याला ठाऊक. त्याचा एक ओढा होता. कुठेतरी आत, कुणा ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानातून गेलं की लागणारा. तिथे तो एकटाच जायचा. तिथले मोठमोठे ब्राउन ट्राउट त्यानं मला बोलण्यातून दाखवले होते, प्रत्यक्षात कधी नाही. "एक दिवस, सॅम," असं म्हणायचा. त्या एका दिवसाची मी कित्येक वर्षं वाट बघत होतो.

पुढच्या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ. वारा पडलेला, पाणी सपाट, आणि जिकडेतिकडे मासे वर येऊन काहीतरी टिपत होते. आम्ही पाचसात जण कमरेइतक्या पाण्यात उभे होतो आणि एकालाही मासा लागत नव्हता. हा अपमान ज्यानं सोसलाय त्यालाच कळेल. मासे तुमच्या फ्लायच्या शेजारचं काहीतरी खातात आणि तुमच्या फ्लायकडे ढुंकून बघत नाहीत.

बाई काठावरून म्हणाल्या, "सामंत, ते उभ्या पंखाचं काढा. उभ्या पंखाचे किडे संपले. आता पाण्यावर आडवे पडलेत बघा, काचेच्या पंखाचे. अंडी घालून मेलेले. मासे ते खातायत."

"हो हो," मी म्हणालो आणि तेच टाकत राहिलो. नदीत उभ्या असलेल्या माणसाला काठावरून, तेही शाकाहारी माणसानं सांगू नये, असं मला वाटत होतं.

रॉसनं विचारलं, "काय म्हणतेय ती?" मी उत्तर देण्याआधीच बाईंनी इंग्रजीत तेच सगळं पुन्हा सांगितलं. वर डबा घेऊन गुडघाभर पाण्यात गेल्या आणि त्याला दाखवलं. या किड्याला पाण्याबाहेर आला की आधी धुरकट पंख येतात, मग झुडपावर बसून तो पंखांसकट पुन्हा कात टाकतो आणि पंख काचेसारखे स्वच्छ होतात. असं करणारा जगात दुसरा किडा नाही. आणि या मोठ्या वयात त्याला खायला तोंडच नसतं. शेवटचं वाक्य मात्र माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "अशी सून मिळाली तर आमच्याकडं सासवा नवस फेडतील."

रॉसनं फ्लाय बदलली. पहिल्याच फेकीला मासा. मग दुसरा. मग काठाकाठानं निरोप पसरला, सगळ्यांनी फ्लाय बदलल्या आणि सगळ्यांच्या काठ्या वाकल्या. मीही शेवटी बदलली. मलाही मासा मिळाला. तो मासा घरी येऊन तळला, पण मला तो गोड लागला नाही.

"सॅम," जाताना रॉस म्हणाला, "हिला इतके दिवस कुठे लपवून ठेवलं होतंस?"

त्या दिवसापासून नदीवरचं माझं नाव 'डॉकबरोबर येणारा तो' असं झालं. लोक गाड्या थांबवून विचारायचे, डॉक आलीय का? गळाच्या दुकानातला माणूस, जो मला अजून कार्ड मशीनकडे बोट दाखवण्यापलीकडे बोलला नव्हता, तो बाईंना काउंटरच्या आत बोलावून फ्लायचे ड्रॉवर उघडून दाखवायचा. "ह्याला शेपट्या दोनच का? आपल्याकडच्या किड्याला तीन असतात," असं त्या म्हणाल्या की तो निमूटपणे ती फ्लाय बाजूला काढायचा. आणि बाई विनयशील वगैरे मुळीच नव्हत्या. त्यांना हे सगळं मनापासून आवडायचं. परतताना गाडीत मला पुन्हा सगळं सांगायच्या, मी तिथेच हजर होतो हे विसरून.

सगळ्यात झोंबलं ते शेंगाचटणीचं. मी एकदा रॉससाठी माशाचं मालवणी तिखलं नेलं होतं. त्यानं एक घास घेतला, डोळे पुसले आणि फार सभ्यपणे भांडं परत केलं. बाईंनी सोलापूरची शेंगाचटणी दिली तर तो ती टोस्टवर लोण्याबरोबर फासून खायला लागला. बरणी संपली की बाईंना मेसेज करायचा. मला त्यानं कधी मेसेज केला नव्हता. मी समजत होतो, म्हाताऱ्याला मेसेज करता येत नाही.

मग बाईंनी जुनी गाडी घेतली आणि एकट्या तुरांगीला जायला लागल्या. एका रविवारी आमच्याकडे जेवायला आल्या होत्या. भाकरीचा तुकडा मोडत सहज म्हणाल्या, "काल रॉस मला त्याच्या ओढ्यावर घेऊन गेला होता. काय पाणी आहे ओ! तळाचा दगड न् दगड दिसतोय."

मी ताटातला भात कालवत राहिलो. वैशालीनं माझ्याकडे पाहिलं.

बाई गेल्यावर मी भांडी घासताना बोलायला लागलो. बाईंचा आवाज कसा मोठा आहे, नदीवर ती कानटोपी कशी दिसते, मासे न मारणाऱ्यानं नदीवर यावंच कशाला, रॉसलाही आता वय झाल्यामुळे माणसं कळेनाशी झालीयत. वैशालीनं सगळं ऐकून घेतलं.

"तू जळतोयस," ती म्हणाली.

"मी? त्या किडेवाल्या बाईवर?"

"कढई घासून झालीय. अजून किती घासशील?"

बाईंची फजिती व्हावी अशी माझी इच्छा देवानं एकदा पूर्ण केली. त्यांना एका दगडाखाली एक पिल्लू सापडलं. ओळखीच्या चपट्या जातीसारखंच, पण पाठीवर काळेभोर डाग. बाईंनी जाहीर केलं, ही वेगळी जात आहे, कदाचित कुणी नोंदलेलीच नाही. दुकानातल्या माणसानं काळ्या पाठीच्या फ्लाय बांधायला घेतल्या. बाईंनी फोटो विद्यापीठातल्या एका संशोधक बाईंना पाठवला. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं : ही नेहमीचीच जात आहे, पंख फुटायच्या बेतात आलं की पिल्लाच्या पाठीवरचे कोंब असे काळे पडतात.

ही बातमी मला दुकानात कळली. तुरांगीपासून ऑकलंडपर्यंत मी गाडीत गाणी म्हणत आलो.

त्यानंतर बाई कित्येक आठवडे नदीवर फिरकल्या नाहीत. वैशालीचे फोनही उचलले नाहीत. मग एका शनिवारी उगवल्या, सरळ दुकानात गेल्या आणि तिथे होते नव्हते त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या की माझं चुकलं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "दिवस भरलेली पोटुशी समोर उभी, आणि मी म्हणते नवीन जात! डॉक्टर म्हणे! हसा की ओ, तुम्हाला हसायचंय. चेहरा कशाला आवळून धरलाय?"

मला हसायला आलं नाही. त्यांचे डोळे सुजलेले होते.

त्या दिवशी दुपारी मला एक मोठा रेनबो ट्राउट लागला. काठी धनुष्यासारखी वाकली, रीळ किंचाळायला लागलं. मासा हाताशी आला तोवर बाई काठावरून अगदी माझ्याजवळ पाण्यात आल्या होत्या. माशाकडे त्या बघत नव्हत्या. माझ्या मनगटाकडे बघत होत्या.

"सामंत, तो हिसका बसतो तेव्हा कुठं कळतं? हातात की पोटात?"

मी विचार केला. "आधी पोटात," मी म्हणालो. "हाताला नंतर कळतं."

"मला वाटलंच होतं."

मी काठी त्यांच्यापुढे धरली. "बघायचंय? हुक लावत नाही. दोरी नुसती प्रवाहात सोडू. ओढ तरी कळेल."

त्यांनी हात पुढे केला, काठीच्या मुठीला बोटं लावली आणि चटका बसावा तसा मागे घेतला. "नको. एकदा कळलं की परत पाहिजे वाटेल. मग आमच्या घरात सातशे वर्षांत कुणी केलं नाही ते मी करेन." मग म्हणाल्या, "तुमच्यावर लई जळते मी. मला किडा कळतोय. मासा नाही कळत, आणि कळणार पण नाही. तुम्ही एवढंसं पीस टाकता आणि तो तुमच्याशी बोलतोय."

मी मासा सोडून दिला. का सोडला ते मला सांगता येणार नाही. मोठा होता, तळला असता तर आठ जण जेवले असते. माझ्यावर कुणी जळतं ही गोष्ट मला इतकी नवी होती की घरी येईपर्यंत मी ती मनात उलटीपालटी करून बघत होतो. पण म्हणून माझं जळणं कमी झालं असं नाही. ओढा त्यांनी पाहिला होता. मी नव्हता पाहिला.

थंडीत रॉस गेला. झोपेतच गेला. सकाळी शेजाऱ्यानं दार उघडलं. तुरांगीच्या हॉलमध्ये माणसं जमली, सॅंडविच आणि चहा झाला, एक दोन जण त्याच्याबद्दल बोलले. बाईही बोलल्या. मला कुणी बोलायला सांगितलं नाही. मी मागच्या खुर्चीवर बसून रडलो, आणि रडताना सुद्धा मनात होतं की पुढच्या रांगेत त्या बसल्यायत.

बाहेर गाड्यांजवळ मी त्यांना गाठलं. "डॉक्टर, आता तो ओढा तुम्हालाच माहीत. एकदा मला दाखवा."

"नाही दाखवता येणार," त्या म्हणाल्या. "रॉसला शब्द दिलाय."

"कुणाला दाखवू नका असा? पण मला—"

"तुमचं तर त्यानं नाव घेतलं होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्या दुसरं काहीही सांगू शकल्या असत्या. वाट आठवत नाही म्हणाल्या असत्या तरी मी विश्वास ठेवला असता. पण बाईंना रिपोर्ट गोड करून द्यायची सवय नव्हती. "तो म्हणाला, सॅम चांगला माणूस आहे, पण त्याच्या खिशात फोन आहे. आज एक मासा धरील, उद्या फोटो टाकील, परवा पन्नास जण काठ्या घेऊन येतील. सॅमला इथं मासे धरायला आणू नकोस. असं म्हणाला. मला सांगायचं नव्हतं. तुम्ही विचारलंत."

मी गाडीत बसलो आणि निघून आलो. वैशालीला मी तिथेच विसरलो होतो. अर्ध्या किलोमीटरवरून परत वळावं लागलं.

त्यानंतर बरेच महिने मी बाईंशी बोललो नाही. राग त्यांच्यावर होता की रॉसवर, ते मी ठरवू शकत नव्हतो. मेलेल्या माणसावर रागावता येत नाही म्हणून सगळा यांच्यावर काढला. वैशाली न्यू लिनला त्यांच्याकडे जायची, मी नाही. ग्रुपवरचे माझे जुने फोटो एकदा वर सरकवत पाहिले. प्रत्येकाच्या मागे नदीचं वळण, डोहावरचा खडक, पूल असं काहीतरी ओळखू येणारं होतंच. काहींच्या खाली मी हौसेनं जागाही लिहिली होती. दोन फोटोंखाली लोकांनी विचारलं होतं, "तिथे पार्किंग आहे का?" आणि मी सविस्तर उत्तर दिलं होतं. रॉस खोटं बोलला नव्हता. ते कळल्यावर राग कमी व्हायला हवा होता. तो वाढला.

उन्हाळा संपत आला असताना बाईंचा फोन आला. "सामंत, शनिवारी सकाळी तयार राहा. काठी घ्यायची नाही. फोन वैशालीकडं ठेवायचा."

"कशाला?"

"रॉस धरायला आणू नको म्हणाला होता. बघायला आणू नको असं म्हणाला नव्हता. मी रात्रभर आठवून पाहिलं. नव्हता म्हणाला."

जायचं नाही असं मी ठरवलं होतं. शनिवारी उजाडायच्या आत मी बूट घालून बसलो होतो.

ओढा कुठे आहे ते सांगत नाही. रान ओलांडून खाली उतरलो तर समोर जेमतेम दोन गाड्यांच्या रुंदीचं पाणी. वरून मनुका नावाची इथली रानझाडं वाकलेली. पाणी इतकं स्वच्छ की आधी पाणी दिसलंच नाही, मासेच दिसले. समोरच्या काठाच्या सावलीत एक ब्राउन ट्राउट होता. माझ्या हातापेक्षा लांब. दर थोड्या वेळानं तो सावकाश वर यायचा, पाण्यावरून काहीतरी उचलायचा आणि खाली जायचा. आयुष्यभर ज्याची स्वप्नं बघावीत तसा मासा, आणि माझे हात रिकामे. उजवा हात आपोआप खांद्यामागे गेला, दोरी फेकायला जातो तसा.

"हात आवरा," बाई म्हणाल्या.

आम्ही एका ओंडक्यावर बसलो. रॉस तिथेच बसायचा, त्या म्हणाल्या. माझ्या बाहीवर एक किडा येऊन बसला होता, धुरकट पंखांचा. मी तो झटकणार, एवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. "काल पाण्यातनं वर आलेला आहे. थांबा." किडा थरथरला. त्याच्या पाठीवर एक चीर पडली आणि त्या चिरेतून तो स्वतःमधूनच बाहेर यायला लागला : डोकं, पाय, मग पंख, एकेक, ओल्या काचेसारखे, आणि शेवटी त्या लांब शेपट्या. बाहीवर त्याची रिकामी कात राहिली, पंखांच्या सालीसकट. क्षणभर तो तिच्याशेजारीच बसला. मग उडाला. इतकी वर्षं असले किडे मी बाहीवरून झटकत आलो होतो. पलीकडे मासा पुन्हा वर आला, पण तो मी पाहिला नाही, फक्त ऐकला.

मी विचारलं, "मला का आणलंत?"

"मी चालले की ओ. पार दक्षिणेच्या टोकाला, इन्व्हरकार्गिलच्या हॉस्पिटलमध्ये जागा मिळालीय. तिथनं माटाउरा नदी जवळ आहे. इथं अधूनमधून येऊन बघणारं कुणीतरी पाहिजे. पाणी गढूळ झालं, किडे कमी झाले, तर कुणाला तरी कळायला पाहिजे."

"माझ्यावर भरवसा आहे तुमचा?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," त्या म्हणाल्या. "पण दुसरं कोण आहे?"

दोन आठवड्यांनी आम्ही त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. सामान थोडंच होतं. वैशालीच्या गळ्यात पडून त्या रडल्या, मग नाक पुसून लगेच माटाउराबद्दल बोलायला लागल्या. तिकडे म्हणे संध्याकाळी इतके किडे उतरतात की माशांना कुठला खाऊ आणि कुठला नको असं होतं. तिकडच्या एका मासेमारी क्लबानं त्यांना बोलायला आधीच बोलावलं होतं. "आधीच" हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. आणि माझ्या छातीत तो ओळखीचा चटका बसला. त्या काचेच्या दारातून आत गेल्या, वळून हात केला. ती कानटोपी सरत्या उन्हाळ्यातही डोक्यावर होती.

आजवर माझा अनुभव असा होता, की ज्याच्यावर आपण जळतो तो माणूस लांब गेला की बरं वाटतं. शाळेतला पहिला नंबर, पुण्याच्या ऑफिसातला माझ्याआधी बढती मिळालेला मित्र, सगळे दुसरीकडे गेले तेव्हा मी मनातून सुटलो होतो. हिल्सबरोला घरासमोर गाडी लावली आणि मी त्या सुटकेची वाट बघत बसलो. वैशालीनं दार उघडलं, खाली उतरली, आणि मी उतरत नाही हे बघून पुन्हा आत डोकावली.

"चल ना. काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. "तू हो पुढे. येतो मी."

ती पुढे गेली नाही. आत येऊन शेजारी बसली, आणि आम्ही दोघं बराच वेळ तसेच गाडीत बसून राहिलो.